त्यांच्या दोन खोल्या, आमचे चार मजले

२५ जाने., रवि.
गिरगावला जाऊन आलो. रुपानं, माझ्या लेकीनं, मुलगा आधीच पसंत केलाय. ओंकार. पोरगा चांगला आहे, हसतो छान. आज फक्त घर बघायचं होतं. पौष संपायची वाट बघत बसलेले, तर आज मुहूर्त लागला.

आमच्या ह्यांनी दोन्ही चेनी घातल्या, वर कडं. बोलले मी, एक तरी काढा. "का? चोरीची हाय?" झालं, संपला विषय. गाडी त्या गल्लीत शिरेना, लांब ठेवून चालत गेलो. लाकडी जिना, तिसरा मजला, दोन खोल्या. स्वच्छ हो, नाव ठेवायला जागा नाही. पण आमच्या किचनएवढं घर.

मी जिताडा नेलेला. सोयरिकीच्या घरी पहिल्यांदा जाताना आमच्यात जिताडाच नेतात, अख्खा, डोक्यासकट, बर्फात घालून. ओंकारच्या आईनं झाकण उघडलं. "अय्या, खाडीतला का? आम्ही समुद्राचेच खातो हो. खाडीच्या माशाला वास येतो ना." आणि माझ्यासमोर शेजारणीला देऊन टाकला!

त्या बाईचं सोडा. रुपा गप्प बसली. ह्याच खाडीच्या मासळीवर वाढली पोर, आणि लादीकडे बघत बसली. ते झोंबलं. ऑफिसात पण 'सीवूड्सला राहते' सांगते, करावे गाव सांगत नाही. आजवर हसण्यावारी नेलं मी.

२७ जाने.
बाजारात माझी मासळी लवकर संपली. टॉवरमधली एक गिऱ्हाईक बाई आज पण घासाघीस करून गेली. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात. तिला माहीत नाही. मी सांगत नाही. न सांगण्यात जास्त मजा.

संध्याकाळी पुतण्या विकी आला. जागा-घरांचा धंदा करतो. हे त्याला रंगवून सांगत होते, दोन खोल्यांत एवढा ताठा, आपल्या चार मजल्यांपुढं काय हाय त्यांच्याकडं. विकी हसायला लागला. "काका, त्यांच्या दोन खोल्या विकल्या ना, तर आपली अख्खी बिल्डिंग येईल. वर गाडी पण." हे ओरडले त्याच्यावर. मग गच्चीत जाऊन बसले, जेवायला पण दोनदा हाक मारावी लागली.

मी नाही घाबरत जागेच्या असल्या भावाला. आणि सारखं काय ते जुनी मुंबई, जुनी मुंबई? नवी मुंबई नवी असेल, करावे नवं नाही. सीवूड्स आत्ता आलं, आमच्या शेतांवर. त्याच्या आधी इथं खाडी होती, मिठागरं होती आणि आम्ही होतो. सासू माझी डोक्यावर पाटी घेऊन तुर्भ्यापर्यंत चालत जायची मासळी विकायला. तिनं चार मजले बघितले नाहीत, पण पाया तिचाच. मी अजून बाजारात बसते ते पोटासाठी नाही. मला आवडतं आणि मला येतं.

१ फेब्रु., रवि.
रुपा गिरगावचा निरोप घेऊन आली. दादरला हॉल. दोन्हीकडची शंभर-शंभर माणसं. हळद घरातल्या घरात.

घरातल्या घरात! आमच्या हळदीला गाव जेवतं. आमच्यात माणसं नाही बोलवत, घरं बोलवतात. चूलबंद आवतन. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, पाळण्यातल्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळे आपल्याकडं. शंभरात माझी आळी पण बसत नाही. वगळू कुणाला? ह्यांच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसलेले, त्यांना?

रुपा : "आई, त्यांना बरं दिसेल."
मी : "आणि तुला?"
मोबाईल बघत आत गेली.

२ फेब्रु.
केलं ते केलं.

सकाळी येसूबाईकडं गेले. गावची धवलारीण. आमच्यात लग्न लावायला तीच लागते, तिनं धवले गायल्याशिवाय नवरी उठत नाही. तिच्या हातावर सुपारी ठेवली. सुपारी ठेवली म्हणजे लग्न आपल्या दारात, आपल्या मांडवात. ती परत घेत नाहीत, आजवर कुणी घेतली नाही. येसूबाई बोलली, "पोरीला इचारलंस ना गो?" मी हो बोलले. धडधडीत.

दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. रुपाला तर स्टेशनवरच कुणीतरी 'अभिनंदन' बोललं. घरात आली ती, "कुणाला विचारून, आई? लग्न माझं की तुझं?" दार आपटलं. रागात दिली मी सुपारी, खरंय. पण दिली.

८ फेब्रु., रवि.
गिरगावची मंडळी आली. मी जिताडाच केला. मुद्दाम. ओंकार दोनदा मागून जेवला. त्याची आई वरणभात जेवली. असो.

तिला गच्चीत नेलं. खाडी दिसते, वारा असतो. ती कठड्याला धरून उभी राहिली. मग बोलली, "आमची चाळ पाडतायत. नवीन होईपर्यंत कुठं जायचं कळत नाही. शेजार सगळा पांगणार." पहिल्यांदाच ती मला माझ्यासारखी वाटली. त्या दोन खोल्यांचा भाव आहे, पण भावात झोपता येत नाही ना. वाईट वाटलं मला तिचं. खरंच.

खाली येऊन ह्यांना हळूच सांगितलं. सांगायला नको होतं. ह्यांचं मन मोठं आणि तोंड त्याहून मोठं. भर हॉलमध्ये, "व्याही, दुसरा मजला रिकामाच हाय. या राहायला. भाडं नको, काय नको."

ओंकारच्या वडलांनी कप खाली ठेवला. "आम्ही कुणाच्या उपकारात राहत नाही. गिरगावचे आहोत आम्ही." मग येसूबाईचा विषय निघाला, सुपारीचा. "असं परस्पर ठरवणार असाल तर आम्हाला विचार करावा लागेल." उठलेच.

हे कप गोळा करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मी मात्र सांगते, ह्यांचं काय चुकलं? आमच्यात मोकळी जागा असली की माणसाला देतात. त्यात उपकार कसला?

रुपा आम्हा दोघांवर चिडली. "लाज काढलीत तुमी." तुमी बोलली. तुम्ही नाही.

११ फेब्रु.
गिरगावहून काही नाही. ओंकार पण रुपाशी तुटक बोलतो. पोरीचं तोंड सुकलंय. लग्न मोडलं तर ते माझ्या डोक्यावर, मला माहीत आहे.

आज आळीतल्या पाच-सहा बायका आल्या, आपापली सूपं घेऊन. हळदीचे तांदूळ निवडायला! कुणी बोलावलं नव्हतं. सुपारी गेली ना, मग बोलवायचं कशाला? तारीख नाही, काही नाही, काय सांगू त्यांना? पोती काढून दिली.

रुपा ऑफिसातून आली. दारातच थांबली. मला वाटलं, आता बोलते काहीतरी. शेजारची गोमाकाकी वर न बघताच बोलली, "ये गो, बस. खडं जास्त हाईत." एक सूप पुढं सरकवलं. रुपा ऑफिसच्या कपड्यात खाली बसली. बायकांनी तिला चिडव चिडव चिडवलं, नवऱ्याला नाखवा करनार का साहेब ठेवनार म्हणून. हसली. किती दिवसांनी.

त्या गेल्यावर मला बोलली, "ह्या बायकांना कुणी सांगितलं यायला?" मी बोलले, कुणी नाही. "कुणीच नाही?" कुणीच नाही गो. बराच वेळ तांदळात हात फिरवत बसली.

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र. उपवास, त्यामुळं रविवार असून बाजारात नाही गेले. साबुदाणा परतत होते. रुपा गॅलरीत, ओंकारचा फोन. त्याच्याशी ती नेहमी कशी बोलते, पुस्तकातल्यासारखी. आज कान टवकारले मी, कारण आवाज वेगळा.

"शंभर नाय जमनार, ओंकार. आमच्यात घरं बोलवतात. लग्न करावे गावात, आमच्या दारात. तुज्या आईला माजा नमस्कार सांग. बाबांना पन सांग, माज्या बापानं उपकार नव्हता केला, घर दिलं होतं." आणि शेवटी, "नाय, रागात नाय. तू इचार कर. मी हाय हितंच."

आत आली. डोळे लाल. "उद्या सांगतो बोलला."

काय सांगेल देव जाणे. सुपारी मी दिली तेव्हा ती माझ्या रागाची होती, आज पोरीनं स्वतःची केली. 'नाही' बोलला तर रडेल माझी पोर, मी पण रडेन. पण त्या गिरगावला तिनं आज आयशीच्या भाषेत उत्तर दिलं. खिचडी जरा करपली. दोघींनी तशीच खाल्ली.