आर्डिथच्या नावाची पार्सलं

१२ फेब्रुवारी १९९६

आर्डिथच्या नावावर पार्सल आलं. आधी वाटलं औषधं असतील – तिची औषधं अजून येतात. उघडलं तर सीडी. जुन्या गाण्यांचा संच, भाग पहिला. डिसेंबरात सोफ्यावर पडल्यापडल्या टीव्हीवरचा नंबर फिरवून तिनं मागवला होता, तो हा. दर महिन्याला एक भाग येणार. नको असं कळवलं नाही, तर पुढचा येतोच.

तिला जाऊन महिना होत आला. वरचं प्लास्टिक न काढता सीडी रेडिओशेजारी ठेवली.

१४ फेब्रुवारी

उणे वीस. गाडी सुरू झाली नाही. घरीच.

१८ फेब्रुवारी

जनेल सेंट पॉलहून आली. लोकांनी जेवण आणलेली भांडी घासून, तळाला चिकटवलेली नावं वाचून ज्याची त्याला पोचती केली. मला ते जमलं नसतं. प्रत्येक दारात दोन शब्द बोलावे लागतात.

सीडी तिनं पाहिली. "डॅड, हे बंद करा. फोन करून सांगायचं, माझी बायको वारली म्हणून. झालं."

"करतो."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

मग भांडं पुसत, माझ्याकडे न बघता – "तुम्ही अजून एकालाही स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही, ठाऊक आहे? मावशीला मी सांगितलं. चर्चला मी. बँकेलासुद्धा मी."

खरं आहे. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, दिवसभर बोलायचो. पण हे एक वाक्य तोंडात येत नाही. शिवाय तिला अजून पुरलेलंही नाही. आमच्याकडे गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नाही, तेव्हा हिवाळ्यात गेलेल्यांच्या पेट्या दफनभूमीतल्या दगडी कोठीत ठेवतात. मे महिन्यात पुरतील. तोवर ती तिथे आणि मी इथे.

२३ फेब्रुवारी

त्या जाहिरातीबद्दल लिहून ठेवतो.

जनेल पाच-सहा वर्षांची होती. शुक्रवारी रात्री आर्डिथच्या माहेरची सगळी मंडळी आमच्याकडे टीव्हीला जमायची, कारण आमचा रंगीत होता. दर अर्ध्या तासानं ती जाहिरात यायची. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत गाण्यांची नावं खालून वर सरकायची आणि प्रत्येक गाण्याची एकच ओळ वाजायची. ती संपते न संपते तोच दुसऱ्याची. "दुकानात मिळणार नाही, आजच फोन करा." आधी ते संथ गाणं – 'तळ्यावर अजून उजेड आहे'. त्याला लागून लगेच 'बूट काढ मार्जी, फरशी तुझीच आहे'. मग आणखी बरीच. सगळे मिळून म्हणायचे, एकही जागा चुकायची नाही. मी तेवढ्यात कॉफी आणायला उठायचो.

रेकॉर्ड कधी मागवली नाही. मी दोनदा विचारलं होतं. आर्डिथ म्हणायची, "कशाला? फुकटात रोज ऐकतेय की." तिची बहीण व्हर्ना म्हणायची, "आणि पूर्ण गाणं वाईट निघालं म्हणजे?"

गेल्या डिसेंबरात तीच कंपनी, तीच गाणी, पुन्हा टीव्हीवर. आर्डिथनं फोन मागितला. म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, "ऑरिन, वीस वर्षं झाली. त्या तळ्याचं पुढे काय होतं, ते मला ऐकायचंय."

पार्सल यायला उशीर झाला. नाताळच्या गर्दीत होतोच.

५ मार्च

फोन केला. पलीकडे तरुण मुलगी. "मिसेस हॉल्वरसन आहेत का?"

"आत्ता नाहीत."

"कधी येतील?"

मी म्हणालो, "मे महिन्यात."

का म्हणालो, कोण जाणे. मुलगी हसली. "फ्लोरिडाला ना? छान. आमचे आजी-आजोबाही तिथेच असतात थंडीभर. मग त्या आल्यावरच बोलू या. खातं त्यांच्या नावावर आहे, त्यांनीच बंद करायला हवं."

मी आभार मानून फोन ठेवून दिला.

६ मार्च

जनेलचा फोन. "केलात?" – "केला." – "बंद झालं?" – "मेपर्यंत नाही."

मग म्हणाली, "जेवलात का?"

१३ मार्च

दुसरा भाग आला. पहिल्यावर ठेवला.

११ एप्रिल

तिसरा. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय. तळ्याचा अजून फुटलेला नाही.

२१ एप्रिल

चर्चनंतर पास्टर लुंडीन यांनी गाठलं. दफनाची तारीख अकरा मे. तिथे ऑर्गन नसतो, तेव्हा आर्डिथच्या आवडीचं काही वाजवायचं का? मी 'बघतो' म्हणणार, तेवढ्यात व्हर्ना मागून म्हणाली, "तळ्यावरचं. दुसरं काय? आणि याला विचारू नका पास्टर, हा ऑगस्टपर्यंत विचार करेल."

११ मे

पुरलं.

वारा होता, ऊन होतं. जनेलनं बॅटरीवरचा प्लेअर आणला होता. पहिल्या भागाचं प्लास्टिक तिनंच फाडलं, गाडीत. मी दुसरीकडे पाहिलं.

पास्टरांचं वाचून झालं. जनेलनं बटण दाबलं. 'तळ्यावर अजून उजेड आहे' – हळूहळू सगळेच गुणगुणायला लागले. व्हर्ना, तिची मुलं, भाचरं, मिळून तीसेक माणसं. सगळी कधीकाळी आमच्या त्या टीव्हीच्या खोलीत बसलेली. ओळ संपली आणि कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही – सगळ्यांनी एकदम, चांगल्या मोठ्या आवाजात, 'बूट काढ मार्जी, फरशी तुझीच आहे' सुरू केलं.

सीडी आपली तळ्याचीच पुढची ओळ गात होती. कुणाला ऐकूच आली नाही.

पास्टरांनी पुस्तकातून मान वर केली. ते इथे आठ वर्षांपूर्वी आलेत, त्यांना काय कळणार? व्हर्नानं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. मग म्हणाली, "आर्डिथ, पाहिलंस? आम्हाला पुढचं येतच नाही ग." त्यावर जनेल रडायला लागली आणि बाकीचे हसायला.

मार्जीची ओळ मीही म्हणत होतो. हे माझ्या शेवटी लक्षात आलं.

चर्चच्या तळघरात जेवण. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड. पास्टरांनी विचारलं, "ही मार्जी नात्यातली का?" व्हर्ना म्हणाली, "लांबच्या."

१२ मे

आज घरी एकट्यानं ते गाणं पूर्ण ऐकलं. पुढे विशेष काही नाही. तळं, उजेड, होडी घेऊन आलेला एक माणूस. काठावर कुणीतरी आहे असं त्याला वाटतं, तो वल्हवत राहतो, आणि गाणं तिथेच संपतं. पोचतो की नाही, सांगत नाहीत.

दुसऱ्यांदा लावलं. तिला आवडलं असतं की ती वैतागली असती – इतकी वर्षं एकत्र राहून मला हे सांगता येत नाही.

१५ मे

चौथा भाग आला. फोन केला. या वेळी वेगळी मुलगी. मिसेस हॉल्वरसन आहेत का, म्हणाली. मी म्हणालो, "नाही. माझी बायको वारली. जानेवारीत." ती म्हणाली, "फार वाईट वाटलं. मग खातं बंद करू ना?"

म्हटलं, बंद नको, माझ्या नावावर करा. ऑरिन हॉल्वरसन.

"बरं. एक विचारायचं असतं नवीन ग्राहकांना – तुम्हाला कुठल्या प्रकारची गाणी आवडतात?"

"अजून माहीत नाही," मी म्हणालो.