दिरहॅम चढेपर्यंत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
दिरहॅम तेवीस रुपये सत्तर पैशांच्या आसपास. दुपारी विनूचा फोन. धाकटा भाऊ माझा, शारजात एसी मेकॅनिक. कंटाळला तिकडे. २ मार्चला कायमचा परत येतोय. म्हणाला, "दादा, मी इकडे आलो तेव्हापासूनचे रेट लिहून काढ ना. बघू तरी माझ्या घामाला काय काय भाव मिळाला." हो म्हटलं. घाटकोपरच्या मनी चेंजरकडे नोकरीला लागल्यापासून रोजचा रेट वहीत लिहितो. कुणी सांगितलेलं नाही. सवय.

७ फेब्रु.
वह्या काढल्या. २०११, विनू गेला ते साल: बारा-सव्वाबारा. बाबांना वाचून दाखवत होतो. बाबा म्हणाले, "माझो मामा बहारीनाक होतो. तेव्हा थय आपलोच रुपयो चालायचो." खरं आहे. साठच्या दशकापर्यंत आखातात आपलाच रुपया. मग सहासष्टला आपण रुपयाची किंमत कमी केली, त्यांनी आपापली नाणी आणली. आपली माणसं जातच होती, तेव्हापासून त्यांचा पैसा इकडे येतो.
२०१३ची वही तशीच ठेवली. उद्या बघू.

९ फेब्रु., रवि.
उघडली.
१६ ऑगस्ट: सोळा ऐंशी. २८ ऑगस्ट: अठरा सत्तर.
मधले बारा दिवस.
त्या महिन्यात अमेरिकेकडून व्याज वाढायची बोलणी, परदेशी पैसा इथून पळत होता, रुपया रोज घसरायचा. दिरहॅम डॉलरला बांधलेला, म्हणून तोही वर वर. आणि त्याच सोळा तारखेला चेंबूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटतोय, चार-पाच दिवसांत ऑपरेशन करा. विनूकडे सहा हजार दिरहॅम तयार. "आज पाठवू?" मी म्हटलं, थांब, अजून चढेल. डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय.
दिली नव्हती.
बाबांना सांगितलं, विनूचे पैसे यायचेत.

१० फेब्रु.
दुकानात लक्ष नाही. एका बाईला दीनारऐवजी रियालचा रेट सांगितला.
तेव्हा शेठने पाठ थोपटलेली. "काय टाइम पकडलास यार!" मीही किती वर्षं ते सांगत फिरलो. मला उसने पैसे मागता आले असते. शेठने दिले असते. तेही केलं नाही. मला फक्त बरोबर ठरायचं होतं.
ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने बाबांना पुन्हा दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायचं ना. माझी बायको सुनीता बाहेर होती, डबा घेऊन. ऐकलं मी एकट्याने.

१६ फेब्रु., रवि.
सुनीता विनूसाठी आतली खोली लावतेय. बाबा मला म्हणाले, "तो येतासा, बरा आसा. तेव्हा पैशे उशिरान धाडल्यान, पण मी तेका कधी बोललंय नाय. पोरगो आसा."
बारा वर्षं. विनूचा फोन आला की बाबा दोन वाक्यं बोलून सुनीताच्या हातात द्यायचे. मी समजायचो, त्यांना फोनवर बोलायला जमत नाही. विनूही तेच समजायचा.


१८ फेब्रु.
सांगितलं. सुनीता बाजारात गेली होती. सगळं सांगितलं, तारखेचं खोटंसुद्धा. बाबा खिडकीकडे तोंड करून बसलेले. मग,
"किती जास्त गावले?"
"अकरा हजारांच्या आसपास."
"हां."
रडलो मी. त्यांनी हात लावला नाही. जेवायच्या वेळी नेहमीसारखे जेवले, माझ्याकडे न बघता.

२० फेब्रु.
विनू फोनवर खूश. "दादा, बाबांनी स्वतः फोन केला! अर्धा तास! मी जेवतो काय, चाळीस डिग्रीत काम कसं करतो, सगळं विचारलं. बरे आहेत ना ते?" बरे आहेत म्हटलं.
बाबांना विचारलं, तुम्ही सांगितलंत का त्याला? "मी सांगूचंय नाय. तुझा काम ता."

२५ फेब्रु.
विनूला नोकरीचा हिशेब मिळाला, सगळा एकदम. "दादा, आज बदलू की थांबू? तू सांगशील तसं."
"आज पाठव. मला विचारू नकोस."
हसला. "का रे, डोकं चालेनासं झालं?"
घरी ये, बोलू, म्हटलं. एवढंच. सुनीताला सगळं सांगितलं. तिने भांडी घासता घासता ऐकलं, म्हणाली, "माझ्यासमोर सांग त्याला. नाहीतर पुन्हा अर्धंच सांगशील."

२ मार्च, रवि.
आला. केस पांढरे, पाय सुजलेले. सुनीताने सोलकढी केली होती, तीन वाट्या प्यायला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला तो सोडेचनात. विनू मला डोळ्यांनी विचारत होता, ह्यांना झालंय काय? दिवसभर माणसं, शेजारी, चॉकलेटं. बोलायला जागाच नाही, असं मीच ठरवलं.

३ मार्च, सोम.
दुकानात रजा सांगितली. चहा झाला. सुनीता ओट्याशी उभी, हात पुसतेय. विनू उठलाय, मोरीत तोंड धुतोय, काहीतरी गुणगुणतोय. बाबांनी टीव्ही बंद केला.