पुलावरच्या माणसाचा फोटो

४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.४०

आजपासून नवा अध्याय. शनिवारी आठवी ब च्या इतिहासाच्या तासाला एकोणचाळीसपैकी सहा मुलं झोपली होती आणि दोघं झोपलेल्यांची चित्रं काढत होती. दोष मुलांचा नाही. माझाही नाही. दोष खडूचा आहे.

काल शिक्षकांच्या शिबिरात सांगितलं की आजच्या मुलाला गोष्ट लागते आणि ती पडद्यावर लागते. फोटो, स्वतःचा आवाज, तीन मिनिटं. याला डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणतात. म्हणजे मी बावीस वर्षं हेच करतोय. फक्त डिजिटल नव्हतो.

संकल्प: महिनाभरात वर्गात एकही मूल झोपणार नाही. नमुन्याची फिल्म मी स्वतः करणार. कोणावर ओरडणार नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोघांवर ओरडलो. ते संकल्पाच्या आधीचं बाकी होतं.

विषय ठरला: आपल्या नदीवरचा पूल. पन्नास वर्षांपूर्वीचा. माझे वडील त्या कामावर होते. परांची तुटली, सात मजूर धारेत पडले, वडिलांनी कमरेला दोर बांधून उडी घेतली आणि सातही जणांना काठाला लावलं. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. ही ऐकताना कोणी झोपत नाही. एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटला, म्हणाला, सर, आमच्या वेळी तीनच मजूर होते. मुलांची स्मरणशक्ती कच्ची असते.

फिल्म कशी करायची ते संगणकवाल्या सरांना विचारलं. वय सव्वीस. म्हणाले, काही नाही हो सर, फोटो टाकायचे, आवाज टाकायचा, झालं. बोलता बोलता बोटं अशी फिरवली की मला फक्त अंगठी दिसली. मी मान हलवली. समजलं. बहुतेक.

९ नोव्हेंबर, शनिवार

आवाज रेकॉर्ड केला. नऊ वेळा. बायको म्हणाली, बाकी छान आहे, पण माणूस हरवल्याची सूचना दिल्यासारखं वाटतं. तिला इतिहासाचं गांभीर्य नाही. दहाव्या वेळी कुकरची शिट्टी आली. ठेवली. कामाच्या जागेचा भोंगा वाटतो.

अडचण एकच. वडिलांचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता. नेटवर शोधलं. चौथ्या पानावर एक माणूस भेटला. खांद्यावर दोराचं वेटोळं, नजर लांब, झुपकेदार मिशी. वडिलांसारखा अगदी नाही. पण शूर माणूस असाच दिसणार. तात्पुरता घातला.

११ नोव्हेंबर, सोमवार

एकही मूल झोपलं नाही!

फोटो आला तेव्हा माझ्या आवाजात 'हे माझे वडील' असं वाक्य आलं. खरं तर 'असे काहीसे असतील माझे वडील' असं म्हणायचं होतं. पण तीन मिनिटांत बसवायचं तर शब्द कमी करावे लागतात.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मागे उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, सर, तेवीस तारखेला तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक येणार आहेत, त्यांच्यापुढे हीच लावायची. मी नको नको म्हटलं. एकदाच.

मुलांना सांगितलं की ही फिल्म प्रत्येकाने घरच्या फोनवर उतरवून घ्यायची, तीनदा पाहायची आणि मग पुलाविषयी स्वतःची करून आणायची. दहा गुण. अट एकच, पुरावा हवा. पुराव्यावाचून इतिहास म्हणजे पारावरच्या गप्पा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

फोटोची मोठी प्रत काढून चौकटीत बसवली. घरी, देवाशेजारी लावली. सकाळी दोघांनाही हात जोडले.

बायको बघत होती. म्हणाली, अहो, सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, पण यांच्या नाकाची आणि तुमच्या नाकाची ओळखसुद्धा दिसत नाही. मी म्हटलं, नाक मी आईचं घेतलं. ती म्हणाली, आणि कान? मला शाळेला उशीर होत होता.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुलांनी घरचे फोन आणले. एकेक फोन प्रोजेक्टरला जोडून फिल्म पाहिली. एकाच्या फिल्ममध्ये पूल दोनदा उडवला जातो. विचारलं, हा कधी उडाला? म्हणाला, उडाला नाही सर, पण बघायला बरं वाटतं. कल्पकतेचे सात दिले.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. वर्ष सुरू झाल्यापासून तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला आहे. तिची फिल्म लावली तर पडदा काळा. नुसता काळा, आणि आतून एका म्हाताऱ्याचा खोकला. चाळीस सेकंद वाट पाहिली आणि बिघाड समजून बंद केली. ती म्हणाली, बिघाड नाही सर, आजोबा आहेत. तीन वर्षं त्यांनी पुलाला दगड वाहिले. त्यांचा फोटो नाहीये. मग कोणाचा लावू?

हे शेवटचं तिने वर्गाकडे बघत विचारलं. का, ते कळलं नाही.

मी शांतपणे समजावलं की गोष्ट कितीही खरी असली तरी पुरावा दिसला पाहिजे. दहापैकी तीन दिले. वर्ग एकदम चिडीचूप. शिस्त वाढते आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फिल्म घरच्यांच्या ग्रुपवर टाकली. भाच्याने लिहिलं, आजोबा ग्रेट. वहिनींनी जोडलेले हात पाठवले.

मग दादाचा फोन. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. म्हणाला, कोण रे हा? मी म्हटलं, बाबा. तो म्हणाला, कोणाचे?

मी काही बोलायच्या आत तोच बोलत सुटला. आपल्या बाबांना मिशी कधी होती? आणि सात माणसं कुठून आणलीस? बाबा पुलावर अकरा दिवस होते. खाली वाळू भरायला. बाराव्या दिवशी वर चढवलं, त्यांनी खाली पाहिलं, डोळे फिरले. दोघांनी धरून उतरवलं. घरी आले ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. आईनेच मला सांगितलं, बाबांना काही विचारू नकोस.

मी म्हटलं, दादा, मुलांना शिकवायचं म्हणून थोडं रंगवलं. तो म्हणाला, मुलांना शिकव की. पण ते होते तसे पुरले नाहीत का रे तुला?

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणत होते भाऊजी? म्हटलं, रेंज नव्हती.

२० नोव्हेंबर, बुधवार. पहाटे ५.४०

चौकटीपुढे हात जोडले गेले. सवयीने. आठ दिवस मी एका अनोळखी माणसाला नमस्कार करतो आहे. त्याचं काही चुकलेलं नाही. चौकट उतरवून कपाटामागे ठेवली. मग देवाकडे बघता येईना.

खरं लिहितो. सात माणसं मीच रचली. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्ग आवरेना तेव्हा तीन रचली. वर्ग गप्प बसला. पुढे वर्ग मोठे होत गेले. अकरा दिवसांचं आईने मलाही सांगितलं होतं. विसरलो नव्हतो.

संकल्प: आज मोठ्या बाईंना सांगणार.

दुपारी २.१५

सांगितलं. फक्त फोटोचं सांगितलं. सात माणसांपर्यंत पोचायच्या आत बाई म्हणाल्या, अहो सर, पत्रिका गेल्या! खाली बारीक अक्षरात 'प्रातिनिधिक छायाचित्र' टाका. कोण वाचतंय? मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली. तरी टाकलं. अक्षरं इतकी बारीक केली की मलाच चष्मा पुसून वाचावी लागली.

मुलांना निरोप दिला की फिल्मची सुधारित प्रत आली आहे, सर्वांनी पुन्हा उतरवून घ्यावी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज वर्गाला सांगणार होतो. चाचणी निघाली. चाचणी मीच काढली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. टेबलाला धरून उभा होतो. फोटोतला माणूस माझे वडील नाहीत. वडिलांनी कोणाला वाचवलं नाही. ते उंचीला घाबरले आणि खाली आले.

वर्गाचा मॉनिटर उठला. म्हणाला, फोटोचं माहीत आहे सर. ज्या दिवशी दाखवलात त्याच संध्याकाळी शोधला. तो सर्कशीतला माणूस आहे. तंबूचे दोर ओढायचा. मागे आहे तो पुलाचा खांब नाही, तंबूचा आहे.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? सगळ्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. ती उभी राहिली. म्हणाली, मीच नको म्हटलं. वाटलं, सरांकडे पण फोटो नसेल. उगाच वाईट वाटेल त्यांना.

'साधनांची पडताळणी' हा धडा मी जानेवारीत घेणार होतो. त्यांचा झालेला आहे.

मी म्हटलं, तुझी फिल्म लाव, आपण सगळे पूर्ण ऐकू. ती म्हणाली, पुसली सर. तुम्ही परवा नवी उतरवायला सांगितली ना. फोनमध्ये दोन्ही मावत नव्हत्या. आणि तिला तीनच होते.

पुढचा तास गणिताचा होता. गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी तिला म्हटलं, आजोबांना विचार, मी घरी येऊन ऐकलं तर चालेल का.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दोनशे शिक्षक. माझ्या नावापुढे 'तीन मिनिटं' लिहिलेलं होतं. फिल्म लावली नाही. फोटो खोटा, गोष्ट खोटी, आणि एका खऱ्या गोष्टीला मी तीन गुण दिले, एवढं बोललो. मिनिटसुद्धा लागलं नाही. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती नवी पद्धत वाटली असावी. एकाने चहाच्या वेळी विचारलं, सर, याची पीपीटी मिळेल का?

मोठ्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबर आहे.

दादाला फोन केला. म्हटलं, बाबांचं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, जेवलास का?

२५ नोव्हेंबर, सोमवार

हजेरी झाल्यावर ती टेबलाशी आली. आजोबांचा निरोप होता. सगळं एकदा सांगून झालंय, पुन्हा सांगायला आता तेवढा दम नाही. मधे मधे खोकला येतो, थांबावं लागतं. सरांना यायचं तर येऊ देत.

मी म्हटलं, रविवारी सकाळी येतो.

ती गेली नाही. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, आजोबांनी अजून एक विचारलंय सर. तुम्ही शेवटपर्यंत बसाल का?