उतार नसलेलं मैदान

नाना, आपलं फुटबॉलचं मैदान सोडायचं की तिथेच नवं बांधायचं, यावर दोन महिने भांडण चाललं होतं आणि ते गेल्या रविवारी मिटलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला ते मिटल्यासारखं वाटेना, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसं त्या मैदानावर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत, पण माझी ओळख अजून तुमच्यावरूनच होते. परवा नाशिकरोडला भाजी घेताना एका म्हाताऱ्यानं थांबवलं आणि विचारलं, "खालच्या गोलवाल्या नानांची पोरगी ना तू?" पंचावन्न उलटलेल्या बाईला पोरगी म्हणणारं कोणी भेटलं की मी मेथीची एक जुडी जास्त घेते.

भांडण असं होतं. आपल्या स्टँडच्या स्लॅबमधून सळया बाहेर आल्यात, पावसाळ्यात तिथं बसायला कोणी धजत नाही. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या मंडळींनी आम्हा प्रेक्षकांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक तर जुन्याच जागी नवं स्टेडियम बांधायचं, त्यासाठी तीन हंगाम मैदान बंद, रस्त्याच्या बाजूला दुकानांची रांग आणि जमीन भरून सपाट. नाहीतर एकलहऱ्याच्या रस्त्याला, गावाबाहेर, तयार असलेल्या मोठ्या मैदानावर कायमचं जायचं आणि जुनं सोडून द्यायचं. प्रेक्षकांची सभा हात वर करून जे ठरवेल ते आम्हाला मान्य, असं त्यांनी कबूल केलं. मग काय, व्हॉट्सअॅपवर नुसता शिमगा सुरू झाला. माझं मत मात्र कोणी विचारलंच नाही. नानांची मुलगी म्हणजे ती जुन्याकडेच असणार, असं सगळ्यांनी परस्पर धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही धरलं होतं.

तुम्हाला पहिला प्रश्न उताराचा पडला असणार. नाना, उतार दोन्हीकडे जाणार होता. कुठंही गेलो तरी मैदान आता सपाटच मिळणार. हे ऐकल्यावर सभेतल्या अर्ध्या माणसांचे चेहरे घरात कोणी आजारी असल्यासारखे झाले. बाहेरच्यांना हे कसं कळावं? वरच्या गोलपासून रुळांकडच्या खालच्या गोलपर्यंत आपलं मैदान जवळजवळ माणसाच्या छातीएवढं उतरतं, आणि त्या उतारावरच आपण पिढ्यान्‌पिढ्या मॅचेस काढल्यात.

मला तो उतार पहिल्यांदा स्वयंपाकघरात कळला. रविवार होता, आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही नेहमीप्रमाणे उभ्यानंच ठेचा-भाकरी खात होतात. मी विचारलं, आपली टीम टॉस जिंकली तरी आधी चढाच्या बाजूला का खेळते? तुम्ही आईपुढची परात उचललीत, तिची एक कड वर केलीत आणि तिच्यात एक लहानसा कांदा सोडलात. तो गडगडत गेला. "पाहुण्याला आधी उतार द्यायचा," तुम्ही म्हणालात. "गोड लागतो त्याला. लय पळतो. मग हाफटाइमनंतर चढ येतो, तवा त्याच्या पोटऱ्या बोलाय लागत्यात." आई म्हणाली, "माझ्या पिठात कांदा खेळवू नका, ठेवा ती परात." तुम्ही ठेवलीत आणि हात धुतलेत. चार वाक्यं सलग बोललात म्हणून मी दिवसभर खूश होते. घरी तुम्ही एवढं बोलत नसायचात.

त्याच दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा बरोबर नेलंत. काखेत लासलगावहून आलेलं कांद्याचं बारदान होतं, बसायला. सगळ्यांकडेच तसली बारदानं, त्यामुळे आख्ख्या मैदानाला कांद्याचा वास. तुमच्या पॉवर हाऊसची माणसं, रेल्वेची माणसं, छापखान्यातली, जरीकाम करणारी, सगळी वरच्या गोलमागे दाटीवाटीनं बसलेली, कारण पहिल्या हाफला आपला हल्ला तिकडेच व्हायचा. मग हाफटाइमची शिट्टी झाली. सगळी गर्दी एकदम उठली, बारदानं झटकली, काखेत मारली आणि मैदानाच्या दोन्ही कडांनी खालच्या गोलकडे चालू लागली. लुगड्यातल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, एक लंगडा चहावाला किटलीसकट. तुम्ही माझं मनगट धरलं होतं. एवढी माणसं, आणि पुढं कोणी नाही, मागं हाकणारं कोणी नाही, तरी सगळ्यांना माहीत कुठं जायचं ते. माझ्या अंगावर काटा आला होता. देवळात, जत्रेत, कुठंच मला तसं वाटलं नव्हतं. आणि मग दुसरा हाफ सुरू झाल्यावर तुम्ही गोलपोस्टच्या डाव्या हाताला उभे राहून ओरडलात, "उतार आला!" आणि ते हजार माणसांनी उचललं. तुमच्या तोंडून एवढा आवाज निघू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी बॉलकडे पाहिलंच नाही, तुमच्याकडेच बघत राहिले.

तुमचा तो आवाज कुठं दाबलेला असायचा ते मला पुढं कळलं. घरच्यांना पॉवर हाऊस दाखवायचा दिवस होता, तुम्ही आईला आणि मला टर्बाइनच्या हॉलमध्ये नेलंत. त्या आवाजानं पायाखालची फरशी थरथरत होती आणि तुम्ही सगळे हातांनी बोलत होतात. दोन बोटं, बंद मूठ, मनगटाला टिचकी, आणि पलीकडचा माणूस मान हलवून निघून जायचा. आठ तास तिथं तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. घरी येऊन तुम्ही काय बोलणार? तेव्हापासून मी तुमच्या गप्प बसण्यावर रुसणं सोडलं.

तुमचं रागावणंही मैदानावरचंच आठवतं. पाहुण्यांचा गोलकीपर धावत पुढं आला, बॉल उतारानं त्याच्या अंदाजापेक्षा जोरात आला आणि त्याच्या हाताखालून गेला. तो तोंडावर आपटला. मी टाळ्या पिटत हसत होते. तुम्ही माझे दोन्ही हात धरून खाली केलेत. "गोलला टाळी वाजव. पडलेल्याला नाय," म्हणालात. "त्याला उतार ठाऊक नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा हाय." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असल्या मैदानावर हे बोलणारे तुम्ही एकटेच होतात.

तर सभेच्या आधीच्या रविवारी नवं मैदान बघायला आम्ही सगळे टेम्पो करून गेलो. तिथं आपल्या टीमची एक मैत्रीची मॅच ठेवली होती. तुमचे दोस्त चाचाही आले होते, टीमचे झेंडे शिवणारे. ऐंशीच्या पुढं गेलेत, एक हात नातवाच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात काठी, असे चालतात, आणि जुनं मैदान सोडायला त्यांचा विरोध सगळ्यात कडवा. टेम्पोतून उतरल्यापासून नाक मुरडत होते. "बेटा, हे मैदान हाय का विमानतळ?" पण आत पाऊल टाकलं आणि मी कडेलाच थांबले. नाना, केवढं ते मैदान! हिरवंगार, परातीत पाणी ओतावं तसं सपाट, आणि पलीकडे शेतांच्या वर तुमच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या उभ्या. आपल्याकडून त्या कधी दिसल्या नाहीत, मधे इमारती. इथं त्या अशा दिसत होत्या की वाटलं, मॅच बघायला तिथली माणसंही उभी राहिलीत.

खेळ मात्र हसण्यासारखा चालला होता. आपली पोरं लहानपणापासून उतारावर खेळलेली, बॉल हलकेच सोडायचा, पुढचं उतार बघून घेईल, ही त्यांच्या पायांची सवय. इथं प्रत्येक पास अर्ध्या वाटेत थांबत होता आणि पुढं पळालेला फॉरवर्ड मागं वळून बघत होता. आम्हीही कमी शहाणे नव्हतो. हाफटाइमची शिट्टी झाली आणि सगळे उठलो. बारदानं आता कमी, प्लास्टिकच्या चटया जास्त, पण सगळ्यांनी त्या झटकल्या आणि मैदानाच्या कडेनं दुसऱ्या गोलकडे चालायला लागलो. तिथले रखवालदार तोंडाला हात लावून बघत होते. निम्म्या वाटेत चाचा थांबले, त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, "अरे, आपण चाललो कुठं? इथं उतारच नाय." एक क्षण सगळे थबकले. मग कोणीतरी हसलं, आणि हसता हसता सगळे पुन्हा चालायला लागले. चाचाही. मागच्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर आलेल्या पोरी पुढं होत्या. मला लहानपणी आला होता तोच काटा आला, फरक एवढाच की आता मनगट धरायला कोणी नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

मॅच संपली तेव्हा अंधारायला लागलं होतं, आणि त्यांनी दिवे लावून दाखवले. आधी एक खांब, मग दुसरा, मग चारही. गवताची पात न् पात दिसायला लागली. आपण आयुष्यभर सूर्य खाली गेला की मॅच आटपत आलो. तुम्ही चाळीस वर्षं वीज तयार केलीत आणि दिव्याखाली एकही मॅच पाहिली नाहीत, हे मला त्या उजेडात उभं राहिल्यावर सुचलं आणि रडू आलं. शेजारच्या पोरीनं विचारलं, "काकू, काय झालं?" मी म्हटलं, "उजेड जास्त आहे."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती आता फारसं कोणाचं ऐकून घेत नाही, पण तुमचं नाव काढलं की लक्ष देते. मी विचारलं, नानांनी काय ठरवलं असतं? ती हातातली जपमाळ न थांबवता म्हणाली, "त्यांनी एवढंच इचारलं असतं, मॅच कुठं हाय."

सभेत नमनालाच घडाभर तेल गेलं. मग चाचा उठले आणि छान बोलले. म्हणाले, "उतार जाईल, जाऊ द्या. पण ज्या मातीत आपली माणसं उभी राहिली ती तरी ठेवा," आणि बोलताना माझ्याकडे बघत होते. जुन्यासाठी हात वर झाले ते पुष्कळ होते. माझा हात मांडीवरच होता. नव्यासाठी विचारलं तेव्हा मी तो वर केला. आजूबाजूचे वळून बघायला लागले, आणि मग जरा थांबून माझ्या मागच्या रांगेतले हात वर गेले, त्यांच्या मागचे गेले. थोड्या हातांच्या फरकानं का होईना, नवं मैदान ठरलं. बाहेर चाचांनी मला गाठलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मग बेटा, तिथं आपली जागा कुठली?" मी म्हटलं, "बघू ना चाचा, दोघं मिळून शोधू." त्यांनी मान हलवली, पण डोळे पुसले.

सगळ्यांनी मला कारण विचारलं. मी म्हटलं, पोरांना तीन हंगाम घरी बसवायचं का? बायकांसाठी धड संडास नाही जुन्या ठिकाणी. दिवे आहेत तिकडे. सगळं खरंच आहे. पण नाना, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही गेल्यापासून मी आपल्या मैदानावर एकही मॅच धड बघितलेली नाही. दर रविवारी जाते, बसते, आणि खालच्या गोलच्या डाव्या हाताची ती रिकामी जागा बघत राहते. गोल झाला की लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. तुम्ही होतात तेव्हाही मी तुमच्याकडेच बघायची. नव्या मैदानावर तुम्ही कधी कुठं उभेच राहिला नव्हतात, त्यामुळे त्या दिवशी बघायला बॉलच उरला. मी शिट्टीपासून शिट्टीपर्यंत त्याच्यावरून नजर हलवली नाही. आणि नाना, मला फुटबॉल आवडतो. तुमच्यामुळे नाही, माझा मलाच आवडतो. या वयात कळलं.