उलट्या डोंगराचे चित्र कोणाकडे जावे याबद्दल

घडले ते असे:

१. मार्चमध्ये केर्न्सच्या डॉक्टरांनी सांगितले की माझ्या हृदयाची झडप बदलावी लागेल. शस्त्रक्रिया ब्रिस्बेनला आहे.

२. ईस्टरला माझे मामा, काळ्या शाईची चित्रे कोरून छापणारे इनॉक बायरा, यांनी आयुष्यातले पहिले रंगीत चित्र गावाच्या सभागृहात लावले. त्यात आमच्या सारपू बेटाचा डोंगर उलटा आला होता. उंच शिखर उजवीकडे असते, ते डावीकडे होते.

३. लोक हसले.

४. त्यानंतर मामांनी पेन्सिल धरलेली नाही. कोरणीही नाही.

म्हणून मी, लॉइस गाईबा, वय एकोणतीस, काम चित्रे छापण्याचे, राहणार सारपू, टॉरेस सामुद्रधुनी, हे मृत्युपत्र लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे; बिघाड छातीत आहे. कोणी लिही म्हटले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची टक्केवारी डॉक्टरांनी सांगितली आणि ती चांगली आहे. तरी लिहिलेले बरे.

घर. घर सरकारी आहे, ते द्यायचा प्रश्न नाही. फ्रीझर डल्सी मामीला. आतले मासे आधी संपवावेत.

बचत. बँकेत असेल ते माझ्या कबरीच्या दगडासाठी. दगड झाकायचे कापड आमच्या रीतीप्रमाणे वर्षभराने काढावे, रीत मोडून घाई करू नये. त्या दिवशी जेवणात मामीच्या हातचे सेमूर, म्हणजे शेवया घातलेली कोंबडी, असावे. एलीच्या बायकोला हौस आली तर तिला भात लावू द्यावा.

एली हा मामांचा पुतण्या. त्याला माझी होडीची मोटर देते, कारण त्याची सारखी बंद पडते. पण ईस्टरला जे झाले ते मी विसरलेली नाही, हे मोटरसोबत त्याला कळवावे. चित्रासमोर उभा राहून तो म्हणाला होता, "काका, हा डोंगर धरून होडी हाकली तर आम्ही जेवायला पापुआत!"

मामी म्हणाली, "अरे, तीस वर्षं उलटंच काढतायत ते. मला लग्नाचं विचारलं तेसुद्धा पाठमोरं उभं राहून."

मामाही हसले. मग त्यांनी चित्र उतरवले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवले. घरी येताना मला म्हणाले, "हात शाईचाच राहिला गं पोरी. रंगात त्याला दिशा कळत नाही. त्या कॅनव्हासची मागची बाजू कोरी आहे, तुला घे."

मी तो घेतला. मागची बाजू वापरली नाही. चित्र आता माझे आहे, म्हणून ते कोणाला द्यायचे हे मला ठरवता येते.

मामांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. त्याची कारणे देते. मामा लिनोच्या तुकड्यावर, म्हणजे छापासाठी कोरायच्या मऊ लादीवर, थेट काढतात, आधी कागदावर गिरवत नाहीत. तुकडा उलटा कोरला तरच छाप सुलटी येते, म्हणून त्यांचा हात जगाची डावी-उजवी बदलूनच चालतो. कॅनव्हासवरही त्यांनी आधी सगळा काळा दिला आणि मग उजेड वर आणला, कारण शाई लावलेला तुकडा काळाच असतो आणि उजेड कोरून काढावा लागतो. करड्या रंगाची एकही जागा नाही. जिथे तो हवा होता तिथे बारीक रेघा शेजारीशेजारी आहेत, प्रत्येक रेघेला सुरुवात आणि शेवट आहे. खोडलेले काही नाही. कोरलेले खोडता येत नाही. तीस वर्षे चित्रे कोरून छापणारा माणूसच असे रंगवू शकतो. याला दोष म्हणत असाल तर माझ्या वह्या बघा, माझ्या पेन्सिलीतही तो आहे. कॅनबेराला मी कागद, दाब आणि रसायने शिकले. रेघ मामांकडे शिकले. दहा वर्षांची होते. म्हणाले, "रेघ काढायची नसते, ठेवायची असते. तू बाजूचं कोरून काढ."

आता मुख्य गोष्ट. माझी आई म्हणजे मामांची बहीण. तिला धाकट्या सारपूवर दिली होती, डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेच्या बेटावर. तिची कबर तिथेच आहे. तिच्या दगडावरचे कापड काढले त्यानंतर मामा तिकडे गेलेले नाहीत. गेल्या महिन्यात मी गेले, तिला शस्त्रक्रियेचे सांगायला. सांगून झाल्यावर मागे वळले तर समोर चित्र होते. उंच शिखर डावीकडे. खाच तिथेच. उतरण तशीच.

फोटो काढला आणि घरी येऊन चित्राशी ताडून पाहिला. दोन्ही जुळतात. फोटो सोबत जोडला आहे.

चित्र उलटे नाही. ते पश्चिमेकडून आहे. लग्नानंतर माझ्या आईला तिचे माहेर आयुष्यभर असेच दिसले.

मामांचा हात सवयीने तसा गेला की आठवणीने, हे तपासायची पद्धत माझ्याकडे नाही.

ते चित्र, छापयंत्र, रूळ आणि सगळ्या कोरण्या मी इनॉक मामांना देते. चित्र भिंतीला लावावे, तोंड खोलीकडे.

मामी वारस आहे म्हणून साक्षीदार होऊ शकत नाही. ती रागावली आहे. तिला सांगितले की कायदा आहे. म्हणाली, "कायद्याला सांग, तुला मी न्हाऊमाखू घातलंय."

ठिकाण: सारपू. दिनांक: ३ जून २०२६.

सही: लॉइस गाईबा

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
जोआना ट्रेंट, परिचारिका, सारपू दवाखाना
टोबायस सावर, धक्क्यावरचा मेकॅनिक

मामा, सोबत लिनोचा एक कोरा तुकडा आहे. त्यावर डोंगर काढा. कुठल्या बाजूने, ते तुम्ही ठरवा. मी परत आले तर तो मी कोरीन आणि आपण दोघे छापू. नाही आले तर कोरण्या तुमच्याकडे आहेत, आणि त्याची छाप माझ्या दगडावर लावा. काढणार की नाही, हे गुरुवारी ११ जूनपर्यंत कळवा. शुक्रवारी सकाळी माझे विमान आहे.