भात्यामागचं स्टूल

धाकट्या, तुझा उजवा हात कसा आहे? बोटं थोडी तरी मिटतात का? तुझ्या बायकोच्या गुडघ्यांना नवं तेल मानवलं का? नातीचा खोकला गेला, की अजून ऑर्गनवर बसून खोकते? माझ्या लेकीची पाठ बरी आहे. मला जिना चढवत नाही, बाकी ठीक.

आता कामाचं. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात करतो.

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा चामडी पिशव्या शिवणे, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्याही दडपणाविना, .............. हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

मोकळ्या जागी ‘राजीखुशीने’ हा शब्द यायचा आहे. तो अजून लिहवत नाही. का, ते पुढे कळेल.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीस. आजारपणात तिने माझी बोलणी खाल्ली. त्याची ही भरपाई नव्हे, ती व्हायची नाही.

२. शिवणयंत्र, आरी व साचे दुकानातल्या कारागिरास. त्याचा टाका माझ्याहून सरळ पडतो. हे त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, जीभच रेटली नाही.

३. चामडे तासायची रापी. तिचे काय करायचे ते धाकट्याने ठरवावे. कारण असे:

चाळीस वर्षे तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि मी मागे स्टुलावर बसून भाता ओढी. भाता थांबला की सूर थांबला. पण लोक बाहेर पडताना म्हणायचे, “काय बोटं आहेत हो!” त्या बोटांना हवा कोण देतो, एकानेही विचारले नाही. मी पोटात जळत असे आणि तोंडाने आमेन म्हणत असे.

मोठ्या चर्चचे पाळक त्याला नेमण्याआधी ऐकायला आले, त्या रविवारी दुसऱ्या कडव्याला मी भात्याचा दांडा सोडला. ऑर्गन म्हाताऱ्या बोक्यासारखा विव्हळला आणि गप्प झाला. नेमणूक दुसऱ्याला मिळाली. भाता फाटला, असे मी सांगितले. खोटे उघडे पडू नये म्हणून, सगळे गेल्यावर रापीने तो खरोखरच फाडला.

धाकट्या, ठिगळ लावताना चामडं तूच ताणून धरलंस. वर म्हणालास, “दादा, तू आहेस म्हणून निभावतंय.” ती शिवण तेव्हापासून दर रविवारी माझ्या नाकासमोर आहे.

मग तुझा हात गेला. वाटलं, आता तरी हेवा संपेल. तर तू मागच्या बाकावर बसून बेसूर गातोस आणि खुशाल हसतोस! “तुला जमतं तरी कसं रे?” मी विचारलं. तू म्हणालास, “कुठं जमतं? रोज सकाळी आधी देवाशी भांडतो, रडून घेतो. तो ऐकून घेतो आणि उठून जात नाही. मग मला गाता येतं.”

बायबलातल्या, बेड्यांत बसूनही तृप्त राहिलेल्या त्या प्रेषिताचासुद्धा मला हेवाच वाटत आला. तृप्त राहणं त्यालाही शिकावं लागलं, असं त्यानंच लिहिलंय; तेवढं मात्र मी घाईनं वाचून पुढे जायचो. आता मीही शिकवणीला बसलोय. पहिल्याच धड्यात ही कबुली आली.

४. भात्यामागचे स्टूल मी बनवले, म्हणून माझ्या मालकीचे. ते धाकट्या भावास. दांडा डाव्या हाताने ओढता येतो, मी ओढून पाहिला आहे. पुढे त्याची नात वाजवील, मागून तो हवा देईल. कोणी नाव घेणार नाही, तरी तो तिथेही सुखात राहील. त्याचा हेवा मला आत्तापासूनच वाटतो.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: रविवार, उपासनेनंतर.
साक्षीदार: १. समोरचा घड्याळजी. २. वकीलसाहेबांचा कारकून.
सही: ..............

दोघेही साक्षीदार येऊन बसले आहेत. कारकून म्हणतो, “काका, एक शब्द भरा आणि मोकळे व्हा!” पण मन अजून राजी नाही, आणि आता खोटं लिहायचं नाही. धाकट्या, माफ केलंस तर तसं लिही, नसेल केलंस तर तसं लिही. नाही म्हणालास तरी तो शब्द भरायला देव मला शिकवील, पण वेळ लागेल, आणि वेळ थोडा आहे. तेव्हा लवकर उत्तर पाठव. डाव्या हातानं, वेडंवाकडं चालेल.