ओहोटी नसलेलं पाणी

२१ जानेवारी १९७९

आणि वर म्हणे मीच भांडखोर! होडी बाबांनी दोघांसाठी बांधली, नाव मात्र एकट्या नागूचं रंगवलं. त्यावर मी बोलायचंसुद्धा नाही? थोरला झाला म्हणून खाडी काय त्याच्या एकट्याची? आये मधे पडली ती मलाच गप्प करायला. तू धाकटा, तू समजून घे. जन्मभर मीच समजून घ्यायचं. म्हटलं ठेवा तुमची होडी, आणि खोपोलीच्या बाईंनी मागवलेली कालवांची पोती घेऊन ट्रकात बसलो. देवगड सुटलं. आज खोपोलीला उतरलो.

जागा मात्र झकास आहे. समोर घाट भिंतीसारखा उभा, त्याच्या अंगावरून पावरहाऊसचे जाड नळ खाली आलेत. खालून सुटणारं पाणी थंडगार, तळाची वाळू दिसते. तेच पाणी थोडं पुढे गेलं की कारखान्यांची गटारं त्याला मिळतात आणि रंग पालटतो. उकिडवेबाईंचं काम त्यावरच आहे. बाई म्हणजे समुद्रातल्या जिवांच्या डॉक्टर. नदीतलं विष खाडीत गेलं की कालवात, मासळीत किती साठतं, हे त्या नऊ वर्षं मोजतायत. मोठी प्रयोगशाळा सोडून इथे बंद पडलेल्या भातगिरणीत राहिल्यात. आत सिमेंटच्या तीन टाक्या. पहिलीत निव्वळ खाडीचं पाणी, ते टेंपोने पिंपांतून येतं. दुसरीत त्यात नदीचं मिसळतात. तिसरीत गटाराचं. कालवं आमच्या खाडीची, शिंपा दगडाला घट्ट चिकटलेल्या, म्हणून दगडासकट मी काढलेली.

बाईंनी जेवायला वाढलं, गजानन म्हणून हाक मारली आणि ही वही दिली. म्हणाल्या, रोज लिही, चौथीतलं अक्षर सुधारेल, मग मोजमापं लिहायला देईन. गजानन. घरी कोणी पुरतं नाव घेत नाही.

२६ जानेवारी

मोजमापं लिहिणारा आधीच आहे. धर्माजी. इथल्या बुद्धवाड्यातला, मॅट्रिक पास. त्याची आई पारूबाई बाईंना भाकऱ्या करून देते. पोरगा मला बघून म्हणाला, काय रं दर्यावर्दी, गोड्या पान्यात पवता येतं ना? सगळे हसले, बाईसुद्धा. मीही हसलो. आत काय झालं ते माझं मला ठाऊक.

गार पाण्यात कंबरभर उभा मी राहतो. पिंपं मी उतरवतो. हा कोरड्या पायांनी येतो, कानावरची पेन्सिल काढतो, आकडा लिहितो. बाई म्हणतात, आमच्या धर्माजीचं अक्षर बघा. मला म्हणतात, गजानन, ते पिंप सरकव.

३१ जानेवारी

आज बाई मनातलं बोलल्या. त्यांचा पहिला निबंध छापून आला तेव्हा त्यावर त्यांच्या तेव्हाच्या साहेबांचं एकट्याचं नाव होतं. खाडीच्या चिखलात दोन वर्षं त्या उभ्या राहिल्या, आणि नाव त्या साहेबांचं. म्हणून त्यांनी ठरवलंय, या अहवालात मदतनिसाचं नाव छापायचं. बारा तारखेला गोव्याच्या समुद्री प्रयोगशाळेचे साहेब येणार आहेत. तिथे एक कायमची जागा आहे. ज्याचं नाव बाई सांगतील त्याला ती मिळणार.

एकच नाव. बोलताना त्या धर्माजीकडे बघत होत्या.

६ फेब्रुवारी

तिसऱ्या टाकीतली कालवं मरायला हवी होती. ती फुगली आहेत. शिंपा काळसर, कडा सुरीसारख्या. बाई म्हणतात, कालव काही नाकारत नाही, पाण्यात चिमूटभर असेल त्याचं पोटात मूठभर करतं आणि धरून बसतं. नवं पाणी घेताना तेवढं जुनं सोडतं.

आणखी एक. इथून समुद्र कुठच्या कुठे, तरी आमच्या खाडीला भरती लागते त्या वेळी ही तोंडं उघडतात. बाईंना गंमत वाटते. मला अंगावर काटा येतो.

आमच्याकडे उघड्या कालवापाशी माणसाचं नाव घेत नाहीत. कालव नाव गिळतं. लहानपणी आम्ही मुद्दाम घ्यायचो. मास्तरांचं घेतलं की मास्तरांना कोणी हाक मारू शकायचं नाही, सगळे आपले अहो, अहो करत राहायचे. ओहोटी लागली की नाव परत यायचं. सहा तासांची मजा. आये त्यावरून मारायची.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

पुनवेची भरती भर दुपारी. साहेब बाहेरच्या खोलीत बसले होते, मोजमापं लिहिणारा त्यांच्यासाठी सोडा आणायला गेला होता. मी तिसऱ्या टाकीवर वाकलो. सगळी उघडी. आत मांस काळं, हलत होतं. म्हटलं सहा तासांचा तर प्रश्न आहे, साहेब काय चारला जातील. त्याचं नाव घेतलं. टक! सगळी एकदम मिटली.

साहेबांनी विचारलं, नोंदी कोण ठेवतं? बाई म्हणाल्या, हा आमचा... हा... आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. तोही हसत उभा राहिला, सांगेना. मग बाई गडबडीने म्हणाल्या, आणि हा गजानन, कालवं यानेच आणली. साहेबांनी खिशातून पेन काढून माझं नाव लिहून घेतलं. शाईने. मी बघितलं.

आज झोप छान लागेल.

१३ फेब्रुवारी

नाव परत आलेलं नाही. बाई त्याला अरे म्हणतात. मागच्या पानांवर मी ते लिहिलेलं दिसतंय, पण अक्षरं जुळवून वाचायला गेलो की तोंडात येत नाही, आणि इथे उतरवायला गेलो की हात थांबतो.

टाकीत ओहोटी कुठून येणार? हे कालच कसं सुचलं नाही?

१५ फेब्रुवारी

पारूबाई आज दारात उभी राहून हाक मारायला गेली. ए म्हणाली आणि थांबली. पुन्हा ए. मग स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला लागली. बाई, म्या पोटात वागवला हो ह्याला, बाबासायबांच्या फोटोम्होरं मीच नाव ठेवलं, आन् तोंडाला येत नाय! बाईंनी तिला धरलं. तो शेजारी बसून नुसता बघत होता. कोण बाई रडते म्हणून बघावं तसा.

मी पिंपं धुतली. दोनदा धुतली.

१८ फेब्रुवारी

टाकी रिकामी केली. म्हटलं ओहोटी करू. पाणी गेल्यावर ती आणखी घट्ट मिटली. एक सुरीने फोडायला घेतलं. पातं आत गेलं आणि बुद्धवाड्याच्या बाजूने ओरडणं आलं. त्याचंच. धावत गेलो तर छाती धरून गडबडा लोळत होता. परत येऊन पाणी भरलं.

२० फेब्रुवारी

त्याचं तोंड आता आपोआप उघडतं, मिटतं. दुपारी जास्त. बाईंना वाटतं टाकीतलं विष त्याला बाधलं. स्वतःला दोष देतात. अहवाल थांबवलाय. साहेबांना तार केली, जागेचं तूर्त थांबवा. मुंबईहून डॉक्टर आणला. नऊ वर्षांचं काम कोपऱ्यात पडलंय आणि बाई त्याच्या उशाशी बसून चमच्याने पेज पाजतात.

आयेचं पत्र आलं, त्यात सगळं नागूचंच.

२३ फेब्रुवारी

सगळा वाडा त्याच्याभोवती. कोण अंगारा नको म्हणतं, कोण दवाखाना म्हणतं, पण बसलेत सगळे. रात्रपाळी करून आलेली माणसं बसतात. पारूबाई त्याचा हात सोडत नाही. नाव नाही तरी इतकं.

मला काही झालं तर कोण बसेल?

खरं लिहितो. त्याची कीव येते, पण त्याहून मत्सर येतो. नाव माझ्याकडे आहे आणि माणसं त्याच्याकडे. हे कसलं?

२५ फेब्रुवारी, शिवरात्र

उद्या अवस. भरती दुपारी. नवं घेताना जुनं सोडतं, बाईच म्हणाल्या होत्या. दुसरं कोणाचं नाव देणार? डोळ्यांपुढे नागू आला. खोटं कशाला लिहू, आलाच. पण उद्या त्याच्यापायी आये अशी तोंडावर मारून घेईल —

माझंच देतो. बघू तरी कोण शोधतं.

२६ फेब्रुवारी

दिलं. पुरतं नाव दिलं, बाबांचं, गावाचं, सगळं. ती मिटली नाहीत. बराच वेळ उघडी राहिली, जणू आणखी आहे का विचारतायत. मग एकेक करून —

२७ फेब्रुवारी

वाड्याच्या टोकावरून हाक आली. धर्माजी, ए धर्माजी, जेवाया ये रं! आणि तो ओ देत धावला. धर्माजी. बघा, लिहिता येतंय. धर्माजी.

बाई रडल्या, हसल्या. पारूबाईने सगळ्यांना गूळ वाटला. ताट माझ्यासमोरून पुढे गेलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी पिंप उतरवत होतो. बाई आल्या. थांबल्या. म्हणाल्या, कोण हवंय आपल्याला? काम बघत असाल तर इथे जागा नाही हो, आमचा धर्माजी आहे. मी म्हटलं, बाई, मी — पुढे काही आलं नाही. तोंड उघडलं आणि मिटलं.

धर्माजीने पाणी दिलं. कुठनं आलाव दादा? दमल्यावानी दिसताव. थट्टा नाही. दादा म्हणाला. त्यापेक्षा थट्टा —

साहेबांचं पत्र आलं, नाव लिहून घेतलेल्या जागी नुसता शाईचा डाग आहे म्हणे. बाईंनी तिथे धर्माजी लिहून पाठवलं. अहवालातही तेच. सुवाच्य.

कोणी शोधत नाही. मी शेडच्या बाहेर बसलोय. कोणी —

१ मार्च

टपालकचेरी. पगारातलं उरलेलं आयेला मनिऑर्डरने पाठवतो. आयेचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. कारकून म्हणतो, पाठवणाऱ्याचं नाव टाका, ते रिकामं चालत नाही. रांगेतली माणसं मागून ढकलतायत.

आये पोस्टमनला विचारील, कोणाचे रे? माझ्या पोटचा तर एकच झील, तो हा इथे होडीवर —

आतून काहीतरी उघडतंय. दुपार झाली का?

पाठवणार — पाठवणार —

रुपये चाळीस